अडतीस वर्षांनी केलेली फिर्याद

१९९९ सालच्या दिवाळीत मी सांगलीला मामांकडे गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत आईने दिलेल्या चकल्यांच्या डब्याबरोबर एक कॅसेट होती. मी तेव्हा पुण्यात एम. ए. करत होतो आणि वसतिगृहातील शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मित्राला इंग्रजी गाण्यांचे भारी वेड होते. ज्ञानेश्वरीच्या टिपणांवर डोके टेकून झोपणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थालाही थोडी बाहेरची हवा लागावी, या उदात्त हेतूने त्याने ती कॅसेट माझ्या हवाली केली होती. त्यात इंग्लंड-अमेरिकेत साठीच्या दशकात गाजलेली दहा-बारा गाणी होती. बाकीची आज आठवतही नाहीत. एक मात्र असे आठवते की, त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

माझे मामा संगीत नाटकांतले ऑर्गनवादक. त्यांचा काळ हा त्या रंगभूमीचा उतरता काळ होता. मोठमोठ्या मंडळ्या बुडाल्या होत्या, उरलेल्या कशाबशा गावोगाव फिरत होत्या, आणि मामा त्यांतल्या दोन-तीन मंडळ्यांत पायाने भाता मारत बसलेले असत. गाणाऱ्या नटाचा दम सरला की त्याचा सूर खाली पडू द्यायचा नाही, पदाच्या दोन ओळींमधली जागा अशी भरायची की ती पदाचाच भाग वाटावी, हे त्यांचे काम. हस्तपत्रकात नटांची नावे ठसठशीत असत. पदे कोणाची, चाली कोणाच्या, हेही असे. मामांचे नाव कधी अगदी तळाशी 'साथ' या शब्दापुढे येई, कधी जागा पुरली नाही म्हणून येतही नसे. याबद्दल ते कुरकुरल्याचे मी कधी ऐकले नाही.

तर त्या दिवाळीत दुपारच्या वेळी मी कॅसेट लावली. मामा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. दोन-तीन गाणी होऊन गेली. मग एक संथ गाणे सुरू झाले. आधी शब्द नाहीत, नुसते वाद्य. आणि मामांनी डोळे उघडले.

"ऑर्गन आहे हा," ते म्हणाले. "पायाचा नव्हे. पण ऑर्गनच."

गाणे संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर चालू लागला होता. "वाजवणारा कोण रे?" त्यांनी विचारले. मी कॅसेटवरचा कागद पाहिला. गाण्याच्या नावाखाली दोनच नावे होती : ब्रूकर आणि रीड. पैकी एकाला ऑर्गनवादक ठरवणे भाग होते. "ब्रूकर," मी ठोकून दिले. मामांनी मान हलवली. "ब्रूकर. चांगला हात आहे."

तो हात ब्रूकरचा नव्हता, हे कळायला मला सात वर्षे लागली. इंग्लंडच्या न्यायालयांना त्याहून बराच अधिक वेळ लागला.

गाण्याचे नाव 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'. शब्दशः सांगायचे तर 'फिकटाहूनही पांढरी छटा'. गाणारी मंडळी 'प्रोकॉल हारम' या नावाची. हे नाव म्हणजे एक गंमतच आहे. लंडनमधील गाय स्टीव्हन्स या संगीतवेड्या गृहस्थाने ते सुचवले, आणि ते होते त्याच्या ओळखीतल्या कोणाच्या तरी बर्मी मांजराचे! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'या साऱ्याच्या पलीकडे' असा होतो, असे पुढे कोणी तरी सांगितले. लॅटिन जाणणाऱ्यांनी लगेच व्याकरणाची चूक दाखवली आणि मांजराच्या वंशावळीतले मूळ स्पेलिंगही वेगळे निघाले. व्याकरण चुकलेले, स्पेलिंग चुकलेले, तरी नाव टिकले. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने यावर अधिक बोलू नये हे बरे.

या मंडळीचा मूळ पुरुष गॅरी ब्रूकर. जन्म १९४५, लंडनचा. एसेक्स परगण्यातील साउथएंड या समुद्रकाठच्या गावात त्याची आधी 'द पॅरामाउंट्स' नावाची मंडळी होती. अमेरिकेतील निग्रो गायकांच्या ढंगाची गाणी ती वाजवी. नाव बरे होते, पण पैसा नव्हता. ती मोडली. तेवढ्यात याच गाय स्टीव्हन्सने ब्रूकरची गाठ कीथ रीड या विशीतल्या तरुणाशी घालून दिली. रीडला वाद्य वाजवता येत नव्हते, गाता येत नव्हते; तो फक्त शब्द लिहीत असे. तरीही तो मंडळीचा पूर्ण सभासद गणला गेला आणि तिच्या तसबिरींतही उभा राहिला. पाश्चात्त्य गाणेबजावण्याच्या जगात केवळ कवीला असे मानाचे पान मिळणे हे विरळाच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्या मंडळीने कवीला इतके जपले, तिलाच वादकाचा हिशेब जमला नाही.

गाण्याचे नाव रीडला एका मेजवानीत सापडले. कोणी एक गृहस्थ एका बाईला तिचा चेहरा पांढराफटक पडल्याचे सांगत होता. ते शब्द रीडच्या कानांवर पडले आणि डोक्यात घर करून बसले. त्यांच्याभोवती त्याने चार कडवी रचली. ध्वनिमुद्रिकेवर त्यांतली दोनच आली. गाण्यात आहे तरी काय? एक समारंभ, नाच, मद्य, एक पुरुष, एक स्त्री, तिचा पडलेला चेहरा, मध्येच समुद्राची चाहूल आणि एका गिरणीवाल्याच्या गोष्टीचा उल्लेख. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्या गिरणीवाल्यावरून थेट चौदाव्या शतकातील चॉसरपर्यंत मजल मारली. रीडने पुढे सांगितले की, चॉसरची ती कथा आपण वाचलेलीच नव्हती! आपल्याला सरळ गोष्ट सांगायची होती तेवढीच एक मनःस्थिती उभी करायची होती, असे त्याचे म्हणणे. मर्ढेकरांच्या वेळी आपल्याकडे दुर्बोधतेवर केवढे रण माजले होते! ग्रेस यांच्या ओळी तर आजही लोक अर्थ न विचारता गुणगुणतात. तेव्हा या बाबतीत इंग्रजांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. गाण्यात शब्दांनी अर्थ सांगितलाच पाहिजे असे थोडेच आहे? पण मग तो दुसऱ्या कोणी तरी सांगावा लागतो. या गाण्यात तो ऑर्गन सांगतो.

मात्र गाणे बनले तेव्हा त्यात ऑर्गन नव्हता. ब्रूकरने पियानोवर बसून चाल बांधली. त्याचा डावा हात षड्जापासून एकेक स्वर खाली उतरत जातो; जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा, सावकाश, न थांबता. हा उतरता जिना त्याचा स्वतःचा नव्हता. योहान सेबॅस्टियन बाख हा जर्मन संगीतकार १७५० साली वारला. त्याच्या तिसऱ्या वाद्यवृंद-मालिकेतील एक संथ तुकडा 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' या नावाने जगभर ऐकला जातो, आणि त्याचा खर्जही असाच पायरीपायरीने उतरतो. ब्रूकरला तो सापडला तो काही बाखच्या पोथीत नव्हे. त्या दिवसांत इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर 'हॅम्लेट' सिगारची जाहिरात लागे आणि तिच्यात झाक लूसिए या फ्रेंच पियानोवादकाने जॅझच्या अंगाने वाजवलेला हाच तुकडा असे. थोरामोठ्यांची वाणी आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल, सांगता येत नाही!

मार्च १९६७ च्या पहिल्या आठवड्यात ब्रूकर आणि रीड यांनी हे गाणे 'एसेक्स म्युझिक' या प्रकाशन संस्थेच्या स्वाधीन केले. शब्द रीडचे, संगीत ब्रूकरचे, अशी नोंद झाली. कायद्याच्या दृष्टीने गाणे त्या दिवशी पुरे झाले होते.

त्यानंतर मॅथ्यू फिशर आला.

फिशर हा क्रॉयडनकडचा, जन्म १९४६. त्याने लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिक्षण घेतले होते. म्हणजे मंडळीत शास्त्रोक्त तालीम झालेला तोच. त्याच्याजवळ हॅमंड ऑर्गन होता आणि 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात त्याने काम हवे असल्याची जाहिरात दिली होती. हॅमंड ऑर्गनची कथाही ऐकण्यासारखी आहे. लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकेतला घड्याळांचा कारखानदार. विजेच्या घड्याळांत फिरणारी चाके त्याला चांगली ठाऊक होती. दातेरी चाके लोहचुंबकाजवळ फिरवून त्यांतून सूर काढण्याची युक्ती त्याने केली आणि १९३५ साली हे वाद्य बाजारात आणले. प्रचंड नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नाही, अशा लहान चर्चना ते घेता यावे, ही कल्पना. त्याला जोडीला लेस्ली नावाचा फिरता कर्णा मिळाला. त्यामुळे सुराला एक थरथर येते, जणू कोणी श्वास घेत आहे. देवळासाठी केलेले वाद्य अशा रीतीने नाचगाण्याच्या मंडळ्यांत शिरले. आपल्याकडे पेटी आणि ऑर्गन साहेबाकडून आले आणि नाटकात शिरले, त्यातलाच हा प्रकार.

ब्रूकरने पियानोवर जिना बांधून दिला होता. त्या जिन्यावरून चालत जाणारी ओळ फिशरने बांधली. गाण्याच्या प्रारंभी आठ मात्रागटांचा एक एकल तुकडा आहे. दोन कडव्यांच्या मध्ये तो पुन्हा येतो, शेवटीही येतो. ब्रूकर गात असतानाही ऑर्गन मागून आपले काही बोलत असतो. फिशरनेही बाखचा धडा गिरवला होता, पण नक्कल केली नव्हती. प्रारंभीचा लांबवलेला स्वर, मग थोडी घाई, मग पुन्हा विसावणे, ही चाल त्याची स्वतःची. लंडनच्या बार्न्स भागातील 'ऑलिम्पिक' स्टुडिओत डेनी कॉर्डेल या निर्मात्याच्या देखरेखीखाली गाणे मुद्रित झाले. डेव्हिड नाइट्स आणि रे रॉयर हे गिटारवाले होते. ठेका मंडळीतल्या कोणाचा नव्हे, तर बिदागीवर बोलावलेल्या बिल आयडेन या जॅझ वादकाचा.

त्या दिवसांत इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर, सरकारी कायद्याच्या हद्दीपलीकडे जहाजे नांगरून काही मंडळी चोरटी रेडिओ केंद्रे चालवीत. त्यांतल्या 'रेडिओ लंडन'वरून गाणे वाजले आणि ऐकणाऱ्यांनी ते उचलून धरले. १२ मे १९६७ रोजी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. ८ जूनला ती इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती आणि सहा आठवडे तिथून हलली नाही. त्याच दिवसांत बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही बडी ध्वनिमुद्रिका बाहेर पडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. अखेरीस हिला खाली उतरवले तेही बीटल्सच्याच एका गाण्याने. अमेरिकेत ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. चार मिनिटांचे, संथ, कळायला कठीण असे गाणे. आणि उन्हाळाभर जिकडे तिकडे तेच!

आता हे यश पेलणार कोण? मंडळीला बनून धड सहा महिनेही झाले नव्हते. गाणे पहिल्या क्रमांकावर असतानाच आत धुसफूस सुरू झाली आणि जुलैत रॉयर आणि ढोलवाला बॉबी हॅरिसन बाहेर पडले. ब्रूकरने पॅरामाउंट्समधले आपले जुने सोबती रॉबिन ट्रॉवर आणि बी. जे. विल्सन यांना आणले. पुढे मंडळीने चांगले काम केले; १९६९ ची 'अ सॉल्टी डॉग' ही ध्वनिमुद्रिका जाणकार वाखाणतात, आणि १९७२ साली कॅनडातील एडमंटनच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर केलेल्या मुद्रिकेने पुन्हा नाव मिळवले. पण पहिल्याच चेंडूवर षटकार मारलेल्या खेळाडूची जी गत होते, तीच यांची झाली. लोकांना हवे ते एकच गाणे.

फिशर १९६९ मध्ये बाहेर पडला. पुढे तो संगणकाच्या कामात शिरला. १९९१ साली मंडळी पुन्हा जमली तेव्हा तोही परत आला आणि २००४ पर्यंत राहिला. म्हणजे कित्येक वर्षे तो ब्रूकरच्या शेजारी बसून रोज तीच ओळ वाजवत होता, आणि ती ओळ कागदोपत्री ब्रूकरची होती.

येथे पैशाचा हिशेब थोडा समजून घ्यायला हवा. गाणे आणि गाण्याची ध्वनिमुद्रिका या कायद्यात दोन निराळ्या मिळकती आहेत. ध्वनिमुद्रिका विकली गेली की वादकाला त्याचा वाटा मिळतो. तो फिशरला मिळत होता. पण गाणे रेडिओवर वाजले, दुसऱ्या कोणी गायले, चित्रपटात घेतले, तर त्याचे मानधन रचनाकाराला जाते. आणि या गाण्याची मागणी काय सांगावी! शेकडो गायक-वादकांनी ते पुन्हा मुद्रित केले. १९७७ साली इंग्लंडमध्ये मागल्या पंचवीस वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश गाणे निवडायचे ठरले, तेव्हा पहिला मान या गाण्याला आणि 'बोहेमियन रॅप्सडी'ला विभागून मिळाला. २००९ साली बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या यादीत, मागील पंच्याहत्तर वर्षांत ब्रिटनमधील सार्वजनिक ठिकाणी सर्वांत अधिक वाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणून हिचेच नाव पहिले होते.

२००५ साली, म्हणजे गाणे निघाल्यानंतर अडतीस वर्षांनी, फिशरने ब्रूकरवर फिर्याद केली. मागणी अशी की, संगीताचा अर्धा कर्ता मी आहे.

२००६ च्या डिसेंबरात निकालाची बातमी वर्तमानपत्रात आली, ती मी महाविद्यालयाच्या वाचनालयात वाचली. गाण्याचे नाव पाहिले, ब्रूकरचे नाव पाहिले आणि मग फिशरचे. सात वर्षांपूर्वी मी सांगलीच्या माडीवर बसून चुकीच्या माणसाला दाद मिळवून दिली होती! त्या संध्याकाळी मामांना फोन केला. ते तेव्हा सत्तरीच्या घरात होते आणि ऐकायला थोडे कमी येत असे. ओरडून ओरडून सगळे सांगितले. ऑर्गनवाला दुसराच होता, हे कळल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "पण मग इतकी वर्षे बोलला का नाही तो?"

ब्रूकरच्या वकिलांचा प्रश्न हाच होता.

फिशरचे उत्तर होते की, आपण त्या वेळीच विषय काढला होता, पण तो झिडकारला गेला. फार ताणले तर मंडळीतून जावे लागेल, ही भीती होती. एकवीस वर्षांचा पोरगा, आणि गाणे देशात पहिले. मामांना हे फोनवर सांगायची गरज पडली नाही. माझे वाक्य पुरे होण्याआधीच ते म्हणाले, "अरे, बोलला असता तर पुढच्या मुक्कामाला दुसरा ऑर्गनवाला बसला असता. हे मी तुला सांगायला पाहिजे?" आणि मग त्यांनी मला एका पदाची हकीकत सांगितली. पदाचे आणि नाटकाचे नाव ते सांगेनात. अंतऱ्यावरून धृपदावर येताना त्यांनी सुरांची एक जागा बसवली होती. ती इतकी लोकप्रिय झाली की नट ती गळ्याने घेऊ लागला, पुढे मुद्रिकेवर तसेच गायला, आणि आज ते पद बसवणारी मुले ती जागा मूळ चालीतलीच समजून शिकतात. "माझी आहे असे म्हटले तर कोण ऐकेल आता?" एवढे बोलून त्यांनी विषय बदलला. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच काढली होती.

लंडनच्या हायकोर्टात हा दावा न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांच्यापुढे चालला. त्यांनी केंब्रिजमध्ये कायद्याबरोबर संगीताचाही अभ्यास केलेला होता, हा योगच म्हणायचा. त्यांनी निकाल दिला की, ऑर्गनचा तो तुकडा ब्रूकरच्या मूळ रचनेहून पुरेसा निराळा आहे आणि गाण्यात त्याचा वाटा ठळक आहे. म्हणून फिशर हा सहकर्ता. मात्र ब्रूकरचे काम अधिक मोठे, तेव्हा अर्धा नव्हे, तर संगीतातला चाळीस टक्के हिस्सा. आणि पैसे दावा दाखल झाल्यापासूनचे, मागचे नाहीत. ब्रूकर अपिलात गेला. एप्रिल २००८ मध्ये अपील कोर्टाने एक विचित्र तोड काढली : फिशर सहकर्ता खरा, पण तो इतका उशिरा आला की त्याला पैसे मिळायचे नाहीत. नाव घ्या आणि घरी जा!

मग फिशर हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेला. ३० जुलै २००९ रोजी तेथील पाचही न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. उशिराबद्दल त्यांनी मांडलेला मुद्दा मला फार आवडला. फिशरने उशीर केल्यामुळे ब्रूकरचे नुकसान काय झाले? उलट तेवढी वर्षे फिशरच्या वाट्याचे पैसे ब्रूकरलाच मिळत राहिले! मग तक्रार कसली? न्यायाधीशांत लेडी हेल या एक बाई होत्या. साठीचे दशक आठवणाऱ्यांपैकी आपण आहोत आणि त्या संस्मरणीय ऑर्गनच्या कर्त्याला अखेर मान मिळाला याचा आनंद आहे, अशा अर्थाचे त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवले. पुढे ऑक्टोबरात हाउस ऑफ लॉर्ड्सचे न्यायदानाचे काम नव्या सुप्रीम कोर्टाकडे गेले. त्या जुन्या न्यायपीठाच्या अगदी अखेरच्या निकालांत एका पॉप गाण्याच्या ऑर्गनचा निकाल आहे.

ब्रूकरचीही बाजू आहे आणि ती सोडून देण्यासारखी नाही. यापुढे गीतकार-संगीतकार वादकाला हाताशी घ्यायला भितील, प्रत्येक जण दहा वर्षांनी येऊन हिस्सा मागेल, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय जिना त्याने बांधला होता. तो नसता तर फिशर चालला असता कशावरून? आणि फिशरला हिस्सा, मग आयडेनच्या ठेक्याला का नाही? या प्रश्नांना माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. मी एवढेच करून पाहिले : ज्यांना गाणे ठाऊक आहे, अशा चार-पाच जणांना ते गुणगुणायला सांगितले. एकानेही ब्रूकरच्या ओळीने सुरुवात केली नाही. सगळ्यांनी ऑर्गन गुणगुणला.

आपल्याकडे हा प्रश्न निघाला तर कोणकोण उठून बसेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. भावगीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावे असतात आणि आकाशवाणीवरही तीच सांगतात. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत सुवर्णकाळ म्हणतात तो ज्यांच्या बळावर उभा होता, त्या वाद्यवृंदाची मांडणी करणारे कितीतरी जण गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवाले तर अनेकांचे गुरू. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव गाण्यात आले, ते प्यारेलाल या त्यांच्या शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. म्हणजे ज्याचे काम हजारो वेळा वाजले, त्याचे नाव लोकांना कळले ते एका विनोदी पात्राचे म्हणून. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाचा हक्क पक्का झाला. मधल्या जागा भरणाऱ्यांबद्दल मात्र त्यात काही नाही.

गॅरी ब्रूकर फेब्रुवारी २०२२ मध्ये वारला. अखेरपर्यंत ते गाणे त्याच्या कार्यक्रमात असे. फिशरच्या जागी जॉश फिलिप्स नावाचा वादक बसे आणि तीच ओळ वाजवी. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कीथ रीडही गेला. निकालानंतर गाण्याखाली ब्रूकर, फिशर आणि रीड अशी तीन नावे लागली.

मामांना लॉर्ड्सचा निकाल काही कळला नाही. ते २००८ च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या कानी आलेली शेवटची बातमी त्या एप्रिलमधल्या अपिलाची. नाव आहे, पैसे नाहीत, ही. ती मी त्यांना समक्ष सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्याचे नाव पुन्हा एकदा सांग बघू." मी सांगितले. उशापाशी दूधवाल्याच्या हिशेबाची वही होती, तिच्या मागच्या पानावर त्यांनी मराठीत लिहून घेतले : मॅथ्यू फिशर, ऑर्गन. ती वही आता माझ्याकडे आहे.